विसाव्याची खोली

१

आमच्या शेडमध्ये बायका पाणी पीत नसत.

बाटल्या सगळ्यांकडे असायच्या. आरपार दिसणाऱ्या, कारण रंगीत बाटली गेटवरून आत सोडत नाहीत. पण सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत तशीच असायची. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूम शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन येईस्तोवर टेबलावरचा, कामाचा वेग मोजणारा स्क्रीन लाल होतो. स्क्रीन लाल झाला की सुपरवायझर राजस सर शेजारी येऊन उभे राहतात. ते ओरडत नाहीत. पुण्याचे आहेत, बोलणं मऊ. नुसतं विचारतात, "भार्गवी, सगळं ठीक ना?" असं लागोपाठ काही वेळा विचारलं गेलं की पुढच्या आठवड्यात त्या टेबलावर दुसरी बाई दिसते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला एमआयडीसीच्या पुढे ही शेड आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. तुमच्या घरी तिचा खोका कधीतरी आलाच असेल. तो आम्ही भरतो. वस्तू येते, तिच्यावर स्कॅनर मारायचा, ती खोक्यात घालायची, टेप ओढायची, खोका पट्ट्यावर सोडायचा. मी बी.कॉम. झाले आहे. वडील शाळेत क्लार्क होते, सात रस्त्याजवळ आमचं घर आहे, आणि या नोकरीबद्दल घरात सगळे "तात्पुरतं आहे" असं म्हणतात.

माझ्यासमोरच्या टेबलावर सोनम होती. मंगळवेढा रस्त्यावरच्या एका गावातली, मेंढपाळाच्या घरातली सून. सासू, मेंढरं, नवरा, बसचा ड्रायव्हर, सगळ्यांवर तिची बडबड चालायची, पण हात थांबायचे नाहीत. घरी तिची तान्ही पोर होती, तायडी. अंगावर पिणारी. दुपार व्हायला लागली की सोनमच्या पोलक्यावर ओले डाग उमटायचे. मग ती रुमालाची घडी करून आत सारायची आणि म्हणायची, "तिकडं ती रडाय लागली बगा, ताई. मला हितं कळतं."

यंदाचा उन्हाळा वाईट होता. वर पत्रा, खाली सिमेंट, मधे आम्ही. एप्रिलमध्ये एक मुलगी चक्कर येऊन चालत्या पट्ट्यावर पडली आणि तिचा हात रोलरमध्ये गेला. पेपरात बातमी आली. ही कंपनी कामगारांना माणसासारखं वागवते का, असं काहीतरी त्यात विचारलं होतं.

कंपनीने उत्तर म्हणून एक खोली बांधली.

२

शेडच्या मागच्या भिंतीला लागून, कोल्ड स्टोरेजला लावतात तसल्या पांढऱ्या जाड पत्र्यांची खोली. आत एसी, ओळीने कॉट, प्रत्येकावर स्वच्छ चादर. दारावर निळ्या अक्षरांत 'विसावा'. दारापाशी स्टुलावर बसायला कमलम्मा नावाच्या बाई आल्या. आधी त्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या, असं कळलं. घरी तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी मोजकं मराठी.

राजस सरांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "कुणालाही त्रास झाला तर संकोच करू नका. जाऊन पडा. तो वेळ स्क्रीनवर धरला जाणार नाही. तुमची काळजी ही आमची जबाबदारी आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सोनम मला हळूच म्हणाली, "आसं गोड बोलाय लागले की मला भ्याव वाटतं."

पहिले गेले ते सिद्धप्पा. अक्कलकोटच्या बाजूचे, वयाने आमच्यात सगळ्यात मोठे, खोक्यांचे ढीग गाड्यात चढवणारे. गुडघा दुखायचा म्हणून एक पाय ओढत चालायचे आणि चालताना कानडीत काहीतरी गुणगुणायचे. त्या दिवशी ते खोक्यांवरच बसले. त्यांना धरून खोलीत नेलं.

परत आले ते ताठ चालत. पाय ओढत नव्हते.

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. थंड हवेत झोप झाली की माणूस ताजंतवानं होतंच. त्यांच्या डाव्या गालावर उशीचा वळ उठला होता, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. तो बघून कुणीतरी म्हणालं, "काका चांगलेच घोरलेले दिसतात." ते हसले नाहीत. सरळ जाऊन खोके उचलू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर ते माझ्या पुढे उभे होते. वळ तसाच होता. त्याच जागी, तेवढाच खोल, आत्ताच उशीवरून डोकं उचलल्यासारखा. मी मनाशी म्हटलं, म्हातारी कातडी, उतरायला वेळ लागतो. आठवडा उलटला तरी तो होता. तोवर आणखी काहीजण खोलीत जाऊन आले होते आणि त्यांच्याही गालांवर वळ होते. उशांचं कापड जाड असेल, असं मी ठरवलं.

सिद्धप्पांचं गुणगुणणं मात्र बंद झालं होतं. ते का, याला माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

३

सोनम मे महिन्यात पडली. टेप ओढता ओढता तिचे गुडघे वाकले आणि ती टेबलाच्या कडेला धरून खाली बसली. ओठ पांढरे. मी माझी बाटली तिच्या तोंडाला लावली तर तिने मान फिरवली. "नगं. मागनं जावं लागतंय."

राजस सर आले. "भार्गवी, यांना विसाव्यात घेऊन जा. शांतपणे जा, घाई नाही."

मी तिला खांद्याला धरून नेलं. दाराशी कमलम्मा उठल्या. त्यांनी सोनमकडे पाहिलं, मग तिच्या पोलक्यावरच्या ओल्या डागांकडे पाहिलं.

"लहान मूल आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

कमलम्मा थोडा वेळ दाराच्या कडीला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू थांब. आत एकटं जायचं असतं."

दार उघडलं तशी गार हवा अंगावर आली. त्यात फिनाईलचा वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक, आंबूस. सोनमने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"ताई, तुमी हितंच थांबा की."

"थांबते," मी म्हटलं. दार लागलं आणि राजस सरांनी लांबून मला हात केला. मी टेबलाकडे परत आले.

जेवणाच्या सुट्टीआधी सोनम आली. चेहरा धुतल्यासारखा साफ, डाव्या गालावर वळ. मी हसले. तिने माझ्याकडे पाहिलं, हसतात तसं तोंड केलं, आणि टेप ओढली. मग पोलक्यातली रुमालाची घडी काढून तिने टेबल पुसलं. घडी कोरडी होती.

जेवताना तिने डबा उघडला नाही. "काय गं, भूक नाही?"

"न्हाय."

"सासूबाईंनी चटणी दिली नाही वाटतं आज." मी मुद्दाम म्हटलं. यावर ती एरवी सुट्टी संपेपर्यंत बोलली असती.

"दिली की," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

४

पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचा, बिरुदेवचा, मला फोन आला. सोनमने त्याला कधीतरी माझा नंबर देऊन ठेवला होता. बोलताना तो चाचरत होता. "ताई, सवड झाली तर येऊन जाता का घराकडं? हिला बगा जरा."

सुट्टीच्या दिवशी मी एसटीने गेले. दुपारचं ऊन. गावाबाहेर त्यांचं पत्र्याचं घर, शेजारी मेंढरांचं आणि शेळ्यांचं कुंपण. सोनम अंगण झाडत होती. मी आले ते तिने पाहिलं आणि झाडत राहिली. अंगणात झाडायला काही उरलं नव्हतं. मातीवर खराट्याच्या रेघा उमटल्या होत्या आणि त्याच रेघांवरून ती पुन्हा पुन्हा खराटा ओढत होती.

"आगं, बस कर की," तिची सासू केराबाई ओट्यावरून म्हणाली. सोनम थांबली. खराटा हातात धरून तिथेच उभी राहिली.

केराबाईने मला पाणी दिलं. कौतुकाने सांगायला लागली, "बस म्हनलं की थांबती. न्हाय म्हनलं तर थांबतच न्हाय. आदी हिचं त्वांड चालायचं, आता हात चालत्यात. काय शिकवलं वो तुमच्या कंपनीनं?"

आत पोर रडत होती. नुसती किरकिर नव्हती ती. रडून रडून घसा बसला की जसा आवाज येतो तसा येत होता.

बिरुदेव तिला खांद्यावर घेऊन बाहेर आला. तिशीचा, उन्हाने रापलेला, डोळे जाग्रणाने सुजलेले. "बगा आता," तो मला म्हणाला आणि सोनमच्या हातातला खराटा काढून तिच्याकडे पोर दिली. पोरीने श्वास कोंडला. अंग धनुकलीसारखं मागे वाकवलं आणि मुठी सोनमच्या गळ्याशी दाबून तिला दूर ढकलू लागली. सोनमने तिला खोका धरतात तसं दोन्ही हातांनी धरलं होतं, अंगापासून लांब.

बिरुदेवने पोर परत घेतली.

"दूध आटलंय हिचं," तो म्हणाला. "त्या खोलीतनं आली त्या दिवसापास्नं थेंब न्हाय. तितं काय सुई दिली का, ताई?"

"उन्हाचा त्रास झाला की आटतं," मी म्हटलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आणि दमणूक."

"ती दमत न्हाय," बिरुदेव म्हणाला. "हेच तर सांगतोय तुमाला."

"दमत न्हाय ते चांगलंच हाय की," केराबाई म्हणाली. "पोर शेळीच्या दुधावर वाढंल. तू वाढलास की."

सोनम पुन्हा खराटा धरून तिथेच उभी होती. डोक्यावर पदर नव्हता, ऊन सरळ कपाळावर पडत होतं. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

५

जूनमध्ये माझं टेबल मागच्या भिंतीकडे हलवलं. भिंतीपलीकडे विसावा.

पट्टा चालू असताना काही ऐकू येत नसे. पण कधी पट्टा अडकून थांबला की शेडमध्ये एकदम शांतता होते, आणि त्या शांततेत मला भिंतीतून श्वास ऐकू येऊ लागले. एका माणसाचे नाहीत. पुष्कळांचे, धापा टाकल्यासारखे, मागे-पुढे. एसीच्या नळीत हवा अडकत असेल, असं मी म्हटलं. जुन्या फ्रिजचाही आवाज असाच येतो.

मग एकदा पट्टा थांबला आणि पलीकडून कुणीतरी खरखरीत आवाजात म्हणालं, "नीरु."

सोलापुरात राहून एवढं कानडी कुणालाही कळतं. पाणी मागत होतं कुणीतरी. मी वळून पाहिलं. सिद्धप्पा माझ्यापासून चार हातांवर उभे होते, छातीशी खोका धरून, पट्टा सुरू व्हायची वाट बघत. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"नीरु," भिंतीतून पुन्हा आलं. आणि त्यानंतर ते गुणगुणणं. मोडकं, मधेच तुटणारं, पण तेच.

सिद्धप्पांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच सुमारास बेंगळुरूच्या मोठ्या ऑफिसातून दोन साहेब आणि एक बाई आल्या. पेपरातल्या बातमीनंतर कंपनी स्वतःच तपासणी करत होती, कामगारांना न्याय्य वागणूक मिळते की नाही याची. बाई खरोखर आस्थेने विचारत होत्या. टेबलाटेबलापाशी थांबत होत्या. सोनमच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही तक्रार आहे का? घाबरू नका, मोकळेपणाने सांगा."

"न्हाय," सोनम म्हणाली.

"पाणी, विश्रांती, जेवणाची वेळ?"

"काय नगं."

बाईंना ते आवडलं असावं. मग त्या खोलीकडे वळल्या. कमलम्मांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या. मी माझ्या टेबलापासून मान लांबवून पाहिलं. आत दिवे लागलेले. कॉटची रांग, पांढऱ्या चादरी, कुणीही नाही.

"अतिशय छान," बाई म्हणाल्या. आपल्याला हे आपल्या ऑफिसातही हवं, असंही हसून म्हणाल्या.

माझा जीव हलका झाला. खोली रिकामी होती, मी स्वतः पाहिली होती. दार लागता लागता मात्र एक गोष्ट डोळ्यांत राहिली. प्रत्येक कॉटवरची चादर मधे खोल दबलेली होती.

६

मी आत गेले ते तायडीसाठी, असं मला वाटतं. तिचं ते रडणं माझ्या कानातून जात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनकडे गेल्यावर मी बाटली घेऊन दाराशी गेले.

कमलम्मा डबा खात होत्या. मला बघून त्यांनी घास खाली ठेवला.

"चक्कर येतेय?"

"नाही. मला सोनमला बघायचंय."

सोनम तेव्हा कँटीनच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. कमलम्मांना तिथून ती दिसत होती आणि मलाही. तरी त्या असं म्हणाल्या नाहीत की ती बघ तिथे आहे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"कॉटवर बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "कितीही बरं वाटलं तरी पाठ टेकायची नाही. मी बोलावलं की लगेच यायचं."

त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि बाहेरून लावून घेतलं. दिवा विझला.

आधी नुसता गारवा. मग श्वास. भिंतीपलीकडून ऐकले होते तेच, पण आता ते माझ्या कमरेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, अगदी जवळ. मी हलले नाही. हा एसी आहे, असं मी मनात म्हणायला लागले, आणि माझ्या पायाखाली ओलं लागलं. चप्पल चिकटत होती. आंबूस वास तिथूनच येत होता. नासलेल्या दुधाचा.

उजवीकडे थेंब पडत होता. कॉटच्या पट्ट्यांमधून, खाली फरशीवर.

"ताई," कुणीतरी म्हणालं. "सुट्टी झाली का?"

मी तोंडावर हात ठेवला. तो आवाज सोनमचा होता. कँटीनच्या पायरीवर बसलेलीचा नाही. माझ्या समोरच्या टेबलावर दिवसभर बडबडणारीचा.

"सोनम?"

"लई येळ झाला. पोर रडती. मला हितं कळतं. उठाय जातीया तर अंग उचलत न्हाय." मधेमधे ती धाप टाकत होती, आत्ताच खोके वाहून आणल्यासारखी. "हातपाय चालतच हायत, ताई. पडून हाय आन चालतच हायत. जरा थांबवाय सांगा की."

मी अंधारात बाटली पुढे केली. माझ्या हाताला तोंड लागलं. तापाने फणफणलेलं, ओठ सालपट निघालेले. ती प्यायली. गटागटा, बाटली चेपत, सगळी. तो आवाज ऐकून बाकीचे श्वास थांबले. पूर्ण शांतता झाली, आणि मग रांगेतल्या कॉट एकेक करून करकरू लागल्या.

कमलम्मांनी दार फटीएवढं उघडलं. उजेडाची एक पट्टी त्या कॉटवर पडली. एक हनुवटी दिसली, भिजून छातीला चिकटलेलं पोलकं दिसलं, आणि चादरीवर दोन हात, जे टेप ओढत होते. टेप नव्हती. नुसतेच ओढत होते.

कमलम्मांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार मागे सारलं. दार पुरतं उघडं झालं, दिवे लागले. चादर पांढरी होती. फरशी कोरडी होती.

"पाणी दिलंस?" कमलम्मांनी माझ्या हातातली चेपलेली बाटली पाहिली. "पहिल्यांदा मी पण दिलं होतं," त्या म्हणाल्या.

७

त्याच संध्याकाळी मी बिरुदेवला फोन केला. वेडी ठरेन हे गृहीत धरून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो "उद्या येतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन गेटवर आला. मला राजस सरांनी बोलावून नेलं, कारण तो माझं नाव घेत होता.

"माजी बायको आत हाय," तो वॉचमनला सांगत होता. "खोलीत हाय. मला तिला घरी न्यायचंय."

राजस सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, तुमच्या मिसेस कामावर आहेत. बोलावतो की." त्यांनी फोनवर दोन शब्द सांगितले, आणि शेडमधून सोनम आली. उन्हातून सरळ चालत येऊन गेटच्या आत उभी राहिली.

"काय झालं?" ती म्हणाली. "काम ऱ्हायलंय माजं."

बिरुदेव तिच्याकडे बघत राहिला. गळ्यातली डोरली तीच, हातावर गोंदलेलं त्याचं नाव तेच. राजस सर अदबीने बाजूला उभे होते. वॉचमन हसू दाबत होता. जिची तक्रार करायची तीच बाई समोर उभी असताना तो कुणाला काय सांगणार होता?

पोर त्याच्या खांद्यावरून उलटी होऊन शेडच्या मागच्या बाजूला हात पसरत होती. बसलेल्या घशातून आवाजही निघत नव्हता.

"भाऊ," मी हळूच म्हटलं, "तुम्ही हटून बसा. खोली दाखवा म्हणा. मी सांगते काय करायचं ते, दार लावून घ्यायचं..."

बिरुदेव माझ्याकडे वळला. त्याने आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं.

"ताई, आत जी हाय, तिची दशा कशी हाय?"

"फार वाईट. तिला उठता येत नाही. ताप आहे. दवाखान्यात न्यावं लागेल, काही महिने तरी..."

"काम हुईल का तिच्याच्यानं?"

तो गेटच्या गजांतून आत बघत होता. सोनम उन्हात ताठ उभी होती, पुढचा हुकूम येईपर्यंत. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. बाजारात दोन जनावरांपाशी उभा राहून माणूस मनाशी जे काही करतो, ते तो करत होता, आणि ते त्याला आवडत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"आईचं वय झालंय," तो म्हणाला. "मेंढरं घेऊन मी बारा वाटा हिंडतो. घरात उभं ऱ्हानारं मानूस लागतं, ताई." त्याने पोरीचे पसरलेले हात धरून खाली घेतले. "मग ऱ्हाऊ द्या."

तो रस्त्याकडे चालू लागला. एकदाही वळला नाही.

सोनम आणि मी शेडकडे परत निघालो. अंगण तापून पांढरं झालं होतं. अर्ध्यावर आल्यावर, माझ्याकडे न बघता ती बोलली. त्या खोलीतून आल्यापासून ती आपणहून बोलल्याची ही पहिलीच वेळ.

"तुमी तिला पानी पाजलंत."

माझे पाय थांबले. ती थांबली नाही.

"परत पाजू नका," ती म्हणाली. "मग लवकर संपत न्हाय."

८

त्या रात्री मी ठरवलं होतं की कामावर जायचं नाही. सकाळी वडिलांनी डबा भरून हातात दिला आणि मी गेले. बाटली काठोकाठ भरलेली होती. ती द्यायची की नाही, हे मला गेटपर्यंत कळलं नव्हतं. द्यावी तर तिचं मरण लांबतं, न द्यावी तर ती मागत राहते. शेवटी मी ठरवलं की विचार करायचा नाही. मागितलं तर द्यायचं.

जेवणाच्या सुट्टीत खोलीपाशी गेले. दार उघडं होतं. कमलम्मा आत वाकून एका कॉटवरची चादर काढत होत्या. उजवीकडच्या. त्यांनी चादरीचा गोळा केला आणि बादलीत घातला. पाणी पांढुरकं झालं.

"कधी?" मी विचारलं.

"सकाळी आले तेव्हा कॉट हलकी होती."

"कुठे गेली?"

"मला नाही माहीत, बाळ. मी चादर बदलते." त्यांनी नवी चादर झटकली, चारी कोपरे खोचले, वरून हात फिरवून सुरकुत्या मोडल्या. तळहाताने उशी थोपटली. "जा. तुझी सुट्टी संपेल."

मी टेबलाशी आले. सोनम समोरच्या रांगेत होती. तिचे हात आधीपेक्षाही जलद चालत होते. संध्याकाळपर्यंत मी स्कॅनर मारत राहिले. भिंतीपलीकडे सिद्धप्पांचा आवाज अजून होता. बाकीचेही होते.

बसच्या रांगेत उभी असताना फोन वाजला. बिरुदेव होता. त्याच्या आवाजाला मी तयार नव्हते. आनंद झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

"ताई, एक सांगायचं हुतं. तुमच्या जिवाला घोर लागला आसंल म्हनून. सकाळच्यापास्नं पोर रडायची थांबली. आन ही कामावं निगाली तवा, आपनहून हिच्याकडं झेपावली बगा. हात पसरून. कडंवर बसली, गळ्यात पडली. आता दिसभर दाराकडं बगत बसलीया, आई कवा येती म्हनून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं झालं न्हवं?" तो म्हणाला. मागे तायडी हसत होती. केराबाई तिला टाळ्या वाजवून दाखवत होती.

माझ्या पुढे रांग सरकली. सोनम बसमध्ये चढली.